क्रीम दर उन्हाळ्यात फुटतंय? सोप्या तपासण्यांपासून सुरुवात करा

होळी झाली की मला येणाऱ्या फोनचा सूर बदलतो. थंडीत लोक विचारतात, क्रीम फार घट्ट होतंय, काय करू? मार्चपासून मात्र एकच तक्रार असते: क्रीम फुटलं. कुणाच्या बरणीत वर तेल आलेलं असतं, कुणाच्या तळाशी पाणी साचलेलं असतं, कुणाचं क्रीम रव्यासारखं हाताला लागतं. बचत गट आणि लहान उत्पादक यांच्या बिघडलेल्या बॅचेस बघणं हे माझं कामच आहे, आणि त्यात हा दोष सगळ्यात नेहमीचा.

आधी एक विनंती. क्रीम फुटलं की पहिला हात इमल्सिफायरच्या, म्हणजे तेल आणि पाणी बांधून ठेवणाऱ्या वॅक्ससारख्या घटकाच्या, डब्याकडे जातो. 'पुढच्या वेळी वॅक्स थोडं जास्त घालू' असं म्हणून ते वाढवलं जातं. क्रीम जड होतं, त्वचेवर चोळताना पांढऱ्या रेघा उमटतात, आणि दोन महिन्यांनी पुन्हा फुटतंच. जे क्रीम गेली दोन वर्षं नीट बनत होतं आणि आता फुटायला लागलं, त्याचा फॉर्म्युला सहसा दोषी नसतो. वजन, तापमान, पाणी किंवा शेवटी घातलेली एखादी वस्तू, यांतलं काहीतरी नकळत बदललेलं असतं. ते शोधायचं असेल तर एका वेळी एकच गोष्ट बदलून बघावी लागते. तीन गोष्टी एकदम बदलल्या आणि बॅच जमली, तरी नेमकं काय चुकत होतं ते कळत नाही.

लक्षणं

बरणी हलवू नका. काचेची किंवा पारदर्शक असेल तर आहे तशीच उजेडात धरा.

वर पिवळसर तेलाचे थेंब किंवा थर दिसतोय, चमच्याने ढवळलं की मिसळल्यासारखं वाटतं, पण तासाभरात पुन्हा तेल सुटतं: हे खरं फुटलेलं क्रीम. पाण्यात पसरलेले तेलाचे सूक्ष्म थेंब एकमेकांत विलीन होऊन मोठे झालेत. ढवळून ते परत लहान होत नाहीत.

वरचा भाग घट्ट आणि खालचा पातळ आहे, पण वेगळं तेल कुठेच दिसत नाही, आणि हलकं ढवळलं की पूर्ववत होतं: इथे थेंब अजून शाबूत आहेत, फक्त वर तरंगलेत. ही फुटण्याच्या आधीची पायरी, आणि इथे क्रीम वाचवता येतं. थेंबाची त्रिज्या दुप्पट झाली की तो चौपट वेगाने वर येतो, म्हणून थेंब लहान करणं किंवा पाण्याचा भाग जरा दाट करणं असे दोनच उपाय.

दाणे लागतायत: एक दाणा बोटांत धरून चोळा. अंगाच्या उबेने विरघळला तर तो चरबीचा स्फटिक आहे. विरघळला नाही, कचकच लागत राहिला, तर गोठलेल्या मेणाचा कण, जड पाण्याने तयार झालेला साबणाचा साका किंवा न विरघळलेली पावडर.

ताकासारखं पातळ झालंय: पहिल्या दिवसापासून पातळ आहे की काही आठवड्यांनी झालं, हे आठवा. पहिल्या दिवसापासून असेल तर वजन, ढवळणं किंवा शेवटी घातलेली वस्तू बघायची. नंतर पातळ झालं असेल तर पीएच (क्रीम किती आम्ल किंवा अल्कधर्मी आहे ते सांगणारा आकडा) आणि जंतू बघायचे.

रंग तपकिरी झालाय, खवट वास येतोय: तेल हवेने बिघडलंय, किंवा सुगंध अथवा एखादा अर्क उजेडाने.

काळे, हिरवे किंवा गुलाबी ठिपके, फुगलेलं झाकण, उघडताना सुटणारी हवा, आंबूस वास: पुढची एकही तपासणी करू नका. बोट लावू नका, वास घेत बसू नका. थेट शेवटच्या भागाकडे जा.

आणखी एक प्रश्न लक्षणांतच मोडतो. त्या बॅचच्या सगळ्या बरण्या बिघडल्यात की काहीच? सगळ्या बिघडल्या असतील तर दोष बनवण्यात आहे. काहीच बिघडल्या असतील तर भरण्यात, बरणीत किंवा ठेवण्याच्या जागेत आहे. एवढ्या एका उत्तराने निम्मं काम वाचतं, म्हणून दुकानदाराकडे उरलेल्या बरण्याही मागवून बघा.

पहिली तपासणी: वही

खर्च शून्य. ज्या बॅचला दोष नव्हता तिची नोंद आणि फुटलेल्या बॅचची नोंद शेजारी ठेवा. कच्चा माल कुणाकडून आला, त्याचा लॉट नंबर काय, किती किलोची बॅच होती, त्या दिवशी मध्येच वीज गेली होती का, ढवळायला कोण होतं. नोंदच नसेल तर आजपासून ठेवा, आणि प्रत्येक बॅचच्या दोन बरण्या तारीख घालून बाजूला काढा. त्याशिवाय पुढचं सगळं अंदाजपंचे होतं.

वहीत हमखास सापडणारा बदल म्हणजे नवा पुरवठादार. इमल्सिफायिंग वॅक्स या एकाच नावाने बाजारात वेगवेगळा माल मिळतो. ब्रिटिश फार्माकोपिया या औषधांच्या मानक ग्रंथातल्या प्रकारात सेटोस्टिअरिल अल्कोहोलबरोबर सोडियम लॉरिल सल्फेट असतं, अमेरिकन प्रकारात पॉलिसॉर्बेट असतं. पहिल्यावर ऋण विद्युतभार असतो, दुसऱ्यावर नसतो. तुमच्या क्रीममध्ये धन भाराचं काही असेल, म्हणजे केसांच्या कंडिशनरमध्ये घालतात तसलं, तर पहिल्या प्रकाराशी त्याचं जमत नाही आणि सगळं फाटतं. पिशवीवरच्या नावावर विसंबू नका. पुरवठादाराकडून विश्लेषण पत्रक मागा आणि घटक वाचा.

दुसरी: क्रीम ठेवलं कुठे होतं?

तीही फुकट. पत्र्याच्या शेडमध्ये, दुकानाच्या काचेच्या शोकेसमध्ये, उन्हात उभ्या टेम्पोत किंवा गाडीच्या डिकीत आतलं तापमान बाहेरच्यापेक्षा बरंच जास्त असतं. विदर्भात मे महिन्यात बाहेरच पारा ४५ च्या घरात जातो. तापल्यावर क्रीमचा पाण्याचा भाग पातळ होतो, मेणाची जाळी सैल पडते आणि थेंब एकमेकांवर आदळू लागतात. पुण्याच्या घरात सहा महिने टिकलेलं क्रीम चंद्रपूरला पोहोचेपर्यंत फुटतं ते यामुळे. निफाडच्या थंडीत उलटं होतं: खोबरेल साधारण २४-२५ अंशांना गोठतं, आणि गोठणारे स्फटिक थेंबाभोवतीचं आवरण टोचतात.

कमाल-किमान तापमान लक्षात ठेवणारा छोटा डिजिटल थर्मामीटर मिळतो. तो एका खोक्यात घालून माल पाठवा आणि पोहोचल्यावर आकडा वाचून घ्या. क्रीम ४८ अंश सोसून आलं असेल तर फॉर्म्युला बदलण्याआधी वाहतूक बदला.

तिसरी: काटा

स्वयंपाकघरातला काटा बहुधा १ ग्रॅमच्या पायऱ्यांनी वाचतो. १०० ग्रॅमच्या प्रयोगात १ ग्रॅम प्रिझर्वेटिव्ह (जंतू आणि बुरशी अडवणारा घटक) घालायचं असेल तर प्रत्यक्षात अर्धा ग्रॅम पडलं की दीड, ते त्या काट्याला कळतच नाही. कमी पडलं तर बुरशी, जास्त पडलं तर त्वचेला त्रास. सोनार वापरतात तसा ०.०१ ग्रॅमचा छोटा काटा फार महाग नाही, तो घ्या. चमचे आणि मिलीलीटर बंद करा. तेलाची आणि पाण्याची घनता वेगळी असते, म्हणून 'दोन कप पाणी, अर्धा कप तेल' अशी कृती दरवेळी वेगळं क्रीम देते.

काट्याबरोबरच बाष्पीभवन बघा. पाणी उघड्या भांड्यात वीस मिनिटं तापवलं की लहान बॅचमध्ये त्यातलं बरंच उडून जातं. पाण्याचं भांडं तापवण्याआधी आणि तापवल्यानंतर तोला, आणि जेवढं उडालं तेवढंच गरम पाणी परत घाला. या एका सवयीने घट्ट-पातळचे निम्मे झगडे संपतात.

चौथी: दोन्ही भाग खरंच सारखे तापले होते का?

प्रोब असलेला किचन थर्मामीटर काही शे रुपयांत येतो. तेलाचा भाग आणि पाण्याचा भाग दोन्ही ७० ते ७५ अंशांवर असताना एकत्र करायचे. इमल्सिफायिंग वॅक्स, स्टिअरिक अॅसिड आणि मधमाशीचं मेण यांचे वितळणबिंदू साधारण ५० ते ७० अंशांत येतात. तेल ७५ वर आणि पाणी ५० वर असेल तर मेण पाण्याला लागताक्षणी गोठतं. थेंबाभोवती आवरण बनवायला जे इमल्सिफायर हवं होतं ते पांढऱ्या कणांच्या रूपाने भांड्याच्या कडेला चिकटून बसतं. ते कण दिसले की दुसरं कारण शोधायला नको.

तेल नुसतं वितळलं की लगेच काढूही नका. वितळल्यावर काही मिनिटं त्याच तापमानाला राहू द्या, विशेषतः शिया बटर किंवा कोकम बटर असेल तेव्हा. कोकणातल्या कोकम बटरमध्ये स्टिअरिक अॅसिडचा वाटा मोठा असतो. न वितळलेला एखादा बारीक स्फटिक राहिला तर थंड होताना त्याच्याभोवती बाकीचे जमतात आणि आठवड्याभराने क्रीम रवाळ लागतं. पूर्ण वितळवा, आणि एकत्र केल्यावर भांडं थंड पाण्यात ठेवून सतत ढवळत लवकर थंड करा. रात्रभर झाकून ठेवून आपोआप निवू दिलं तर दाणे येणारच.

पाचवी: पाणी

मराठवाड्यात आणि सोलापूर-नगरच्या पट्ट्यात हा दोष मी वारंवार बघते. बोअरचं पाणी जड असतं, म्हणजे त्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम भरपूर असतं. जुन्या पद्धतीच्या व्हॅनिशिंग क्रीममध्ये स्टिअरिक अॅसिडचा थोडा भाग पोटॅशियम हायड्रॉक्साइडने किंवा ट्रायइथेनॉलअमाइनने साबणात बदलतो आणि तो साबणच तेल-पाण्याला बांधून ठेवतो. कॅल्शियम आलं की तो न विरघळणाऱ्या साक्यात बदलतो. बादलीत साबणाला फेस न येता वर जो पांढरट तवंग धरतो, तोच हा साका. इमल्सिफायर असा खर्च झाला की बांधायला काही उरत नाही.

तपासणी सोपी आहे. एका बाटलीत तुमचं पाणी, दुसरीत डिस्टिल्ड वॉटर घ्या, दोन्हींत साबणाचा सारखाच चुरा टाकून हलवा. तुमच्या पाण्याला फेस कमी आला आणि ते गढूळ झालं तर उत्तर मिळालं. पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा टीडीएस मीटर असेल तर तोही लावा.

'आम्ही आरओचं वापरतो' हे मला नेहमी ऐकायला मिळतं. घरगुती आरओच्या पाण्यात चवीसाठी क्षार ठेवलेले असतात, आणि फिल्टर जुना झाला की ते आणखी वाढतात. क्रीमसाठी डिस्टिल्ड किंवा डीएम (क्षार काढून टाकलेलं) पाणीच हवं. प्रयोगापुरतं गॅरेजमध्ये बॅटरीसाठी मिळणारं डिस्टिल्ड वॉटर चालेल. विक्रीच्या मालाला मात्र अहवालासह येणारं डीएम पाणी घ्या, कारण बॅटरीच्या पाण्याची जंतूंसाठी तपासणी झालेली नसते. डीएम पाण्यातही साठवणीत जंतू वाढतात, म्हणून ते ७५ अंशांच्या वर वीस मिनिटं तापवूनच वापरायचं.

सहावी: शेवटी काय घातलं?

इथे बदल करणाऱ्याचा हेतू चांगला असतो, म्हणून तो लपून राहतो. 'फक्त थोडा कोरफडीचा गर घातला', 'या वेळी चंदनाऐवजी गुलाब घातला', 'व्हिटॅमिन सी वाढवलं'. एकेक बघू.

कोरफडीचा ताजा गर क्षारांनी भरलेला असतो. क्रीम किंवा जेल कार्बोमरने घट्ट केलं असेल तर क्षार त्याची फुगलेली जाळी आवळून टाकतात आणि घट्ट जेल मिनिटांत पाणी होतं. याची चाचणी वाटीत होते: एक चमचा चांगलं जेल घ्या, त्यात चिमूटभर मीठ टाका, ढवळा. ते जसं कोसळतं तसंच तुमच्या बॅचमध्ये हळूहळू झालंय. कोरफड हवीच असेल तर झँथन गम वापरा, तो क्षार बराच सोसतो. पण घरी काढलेला ताजा गर विक्रीच्या मालात घालू नका, असं माझं स्पष्ट मत आहे. त्यात साखरेसारखी द्रव्यं आणि मातीतले जंतू दोन्ही असतात, आणि नेहमीचं प्रिझर्वेटिव्ह त्याला पुरं पडेल याचा भरवसा नाही.

लिंबाचा रस, सायट्रिक अॅसिड, लॅक्टिक अॅसिड, व्हिटॅमिन सी: साबणावर उभ्या असलेल्या व्हॅनिशिंग क्रीमला आम्ल चालत नाही. आम्लाने साबण परत स्टिअरिक अॅसिड होतो आणि क्रीम तुमच्या डोळ्यांसमोर फाटतं. आम्ल हवं असेल तर इमल्सिफायरच वेगळा घ्यावा लागतो, मात्रा कमी करून भागत नाही.

सुगंध आणि इसेन्शियल ऑइल: एक टक्क्याच्या आसपास गेलं की काही तेलं क्रीम पातळ करतात. शिवाय ४०-४५ अंशांच्या वर घातली तर उडून जातात, मग वास कमी वाटतो म्हणून आणखी घातली जातात. व्हॅनिलिन असलेला सुगंध कालांतराने तपकिरी होतो. ते फुटणं नव्हे, पण गिऱ्हाईक तसंच समजतं.

हळद: हळदीचं क्रीम लालसर झालं तर घाबरण्याआधी पीएच बघा. हळद आणि चुना यांचं कुंकू होतं तोच रंगबदल इथेही होतो. क्रीम अल्कधर्मी आहे एवढाच त्याचा अर्थ. आणि पिवळा रंग हळूहळू उडत असेल तर ते उजेडाचं काम, बरणी अपारदर्शक करा.

संशय असलेली वस्तू पकडायची पद्धत एकच. एक बॅच करा, शेवटची वस्तू घालण्याआधी तिचे दोन भाग करा, एकात ती घाला, दुसऱ्यात तेवढंच डिस्टिल्ड वॉटर घाला. दोन्ही बरण्या एकाच कपाटात ठेवा. महिन्याभराने वादाला जागा उरत नाही.

सातवी: पीएच

एक भाग क्रीम नऊ भाग डिस्टिल्ड वॉटरमध्ये नीट पसरवा आणि त्यात पट्टी किंवा मीटर बुडवा. घट्ट क्रीमवर कोरडी पट्टी चिकटवली तर आकडा खोटा येतो. मीटर असेल तर आधी पीएच ४ आणि ७ च्या बफरने, म्हणजे ठरलेल्या पीएचच्या द्रावणाने, लावून घ्या. पहिल्या दिवशी एकदा आणि मग दर आठवड्याला मोजा. आकडा किती आहे याइतकंच तो सरकतोय का हे महत्त्वाचं. ०.५ हून जास्त सरकला तर आत काहीतरी चालू आहे: तेल खवट होतंय, एखादा घटक तुटतोय किंवा जंतू वाढतायत.

इथेच प्रिझर्वेटिव्हचा हिशेबही तपासा. सोडियम बेंझोएट आणि पोटॅशियम सॉर्बेट पीएच ५ च्या खालीच नीट काम करतात. व्हॅनिशिंग क्रीमचा पीएच ७ च्या वर असतो. म्हणजे 'खाण्यातही चालतं म्हणून सुरक्षित' असं समजून ते व्हॅनिशिंग क्रीममध्ये घातलं, तर लेबलवर प्रिझर्वेटिव्ह आहे आणि बरणीत संरक्षण नाही. फिनॉक्सीइथेनॉल पीएचच्या मोठ्या पट्ट्यात चालतं, पण त्याची मर्यादा १ टक्का आहे, आणि त्यातला काही भाग तेलात शिरून पाण्याला अपुरा पडतो. व्हिटॅमिन ई तेल खवट होण्यापासून जपतं, जंतूंना अडवत नाही. या दोन कामांची गल्लत फार होते.

आठवी: बरणी

थोडक्यात. भरलेली बरणी तोला, महिन्याने पुन्हा तोला. वजन घटलं तर झाकणातून पाणी उडतंय. तडकणाऱ्या, काचेसारख्या चकचकीत स्वस्त डब्या बहुधा पॉलिस्टायरिनच्या असतात आणि इसेन्शियल ऑइलने त्यांना चिरा पडतात. पॉलिप्रॉपिलीन किंवा एचडीपीई या प्लॅस्टिकच्या बरण्या घ्या.

नववी: ढवळणं आणि बॅचचा आकार

५०० ग्रॅमला जमलेलं ५ किलोला का फुटतं? छोट्या भांड्यात हँड ब्लेंडरचं पातं सगळ्या मालापर्यंत पोहोचतं, मोठ्या पातेल्यात कडेचा माल न फिरताच राहतो. शिवाय मोठी बॅच निवायला कितीतरी जास्त वेळ घेते. तेवढा वेळ क्रीम गरम आणि पातळ असतं आणि थेंब एकमेकांत मिसळत राहतात. कार्बोमर असेल तर उलट धोका असतो. ते घातल्यावर ब्लेंडर जोरात चालवला तर त्याची साखळी तुटते आणि घट्टपणा परत येत नाही.

पाच किलोसाठी घरगुती ब्लेंडरवर भागवण्यापेक्षा दोन-दोन किलोच्या बॅचेस करा, किंवा होमोजनायझर (थेंब बारीक करणारं जोरदार मिश्रणयंत्र) भाड्याने मिळतो का बघा. नुसतं जास्त वेळ ढवळून उपयोग नाही, त्याने हवा भरते आणि क्रीम फुगल्यासारखं होऊन नंतर बसतं.

दहावी: आता इमल्सिफायर

वरचं सगळं नीट असेल तरच इथे या. मधमाशीचं मेण एकटं इमल्सिफायर नाही. जुन्या कोल्ड क्रीममध्ये ते चालायचं कारण बोरॅक्सबरोबर त्यातल्या आम्लांचा साबण व्हायचा. केवळ मेण, खोबरेल आणि गुलाबपाणी असलेलं क्रीम आज ना उद्या फुटणारच. ग्लिसरिल मोनोस्टिअरेट एकटं असेल तर तेही कमकुवत पडतं, त्याला जोडीला दुसरा इमल्सिफायर लागतो. इमल्सिफायिंग वॅक्सचं सर्वसाधारण गणित तेलाच्या भागाच्या चौथ्या हिश्शाच्या आसपास असतं. तुमचं त्याच्या बरंच खाली असेल तर वाढवा. तेवढं असेल तर वाढवू नका, तेल बदलून बघा. प्रत्येक तेलाची इमल्सिफायरची गरज वेगळी असते, आणि बदामतेलाऐवजी खोबरेल टाकलं की जुना हिशेब लागू राहत नाही.

दुरुस्त झालं हे कळणार कसं?

नवी बॅच लगेच विकायला काढू नका. आधी तिला मुद्दाम त्रास द्या.

भारतीय मानक ब्युरोच्या स्किन क्रीमसाठीच्या आयएस ६६०८ मधली उष्णता चाचणी घरगुती पातळीवरही बरीचशी करता येते. पारदर्शक काचेची सुमारे ३० मिलीची बाटली दोन तृतीयांश भरा, आपटून हवा काढा, झाकण घट्ट लावा, ४५ अंशांना ४८ तास उभी ठेवा. तेल किंवा पाणी सुटलं नाही तर पास. इन्क्युबेटर नसेल तर थर्मोकोलच्या खोक्यात छोटा बल्ब आणि अंडी उबवणाऱ्यांकडे असतो तसला थर्मोस्टॅट लावून काम होतं. बल्ब थर्मोकोलला टेकू देऊ नका आणि खोकं नजरेआड चालू ठेवू नका. बाटलीला अॅल्युमिनियम फॉइल गुंडाळा, नाहीतर उजेडाने उडालेला रंग तुम्ही उष्णतेच्या नावावर लिहाल. तापमान ५५ वर नेऊन 'कडक चाचणी' करू नका. तिथे मेणच वितळतं आणि चांगलं क्रीमही फुटतं.

मग चक्र: २४ तास फ्रिजमध्ये, २४ तास ४५ अंशांना, असं बारा दिवस. निव्वळ उष्णतेत टिकलेली बरीच क्रीमं या चढउतारात हार मानतात, म्हणून ही चाचणी मी कधी सोडत नाही. प्रत्येक चक्रानंतर बाटली उजेडात धरा, पीएच मोजा, थोडं क्रीम काचपट्टीवर पसरवून दाणे बघा. शेजारी एक बाटली खोलीच्या तापमानाला आणि एक खिडकीत ठेवा.

जवळ फार्मसी कॉलेज असेल तर विनंती करून बघा. बी.फार्म.ची मुलं प्रात्यक्षिकात कोल्ड क्रीम आणि व्हॅनिशिंग क्रीम बनवतात, त्यामुळे शिक्षकांना हा विषय नवा नसतो, आणि सेंट्रिफ्यूज, म्हणजे नमुना वेगाने फिरवून त्यातले भाग वेगळे करणारं यंत्र, तिथे असतं. ३,००० फेऱ्या प्रति मिनिट वेगाने ३० मिनिटं फिरवायचं. ब्राझीलच्या औषध नियामकाच्या २००४ च्या मार्गदर्शिकेतही हेच प्रमाण दिलं आहे. त्यात वेगळं झालेलं क्रीम बरणीतही वेगळं होण्याची शक्यता मोठी.

४० अंशांना तीन महिने टिकलं म्हणून 'दोन वर्षं' छापण्याची घाई नको. सौंदर्यप्रसाधनांच्या टिकाऊपणावरचा आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेचा २०१८ चा तांत्रिक अहवाल, टीआर १८८११, सगळ्यांना लागू होणारी एकच चाचणी ठरवून देत नाही. ती जबाबदारी उत्पादकावर राहते. लेबलवर जी तारीख छापाल त्या तारखेपर्यंत बाजूला काढलेल्या बरण्या बघत राहा.

फुटलेली बॅच वाचवायची का?

बनवल्यापासून काही तासांतच वेगळी झाली असेल आणि भांडं झाकलेलं असेल तर एकदा, फक्त एकदा, ७०-७५ अंशांना परत तापवून ब्लेंडरने एकजीव करता येते. सुगंध उडालेला असेल. ती घरी वापरा, विकू नका. काही आठवड्यांनी फुटलेली बॅच कधीच तापवून परत भरू नका. सुटलेल्या पाण्यात प्रिझर्वेटिव्ह पुरेसं राहिलं होतं की नाही, हे डोळ्यांनी कळत नाही.

इथे थांबा आणि तज्ज्ञ गाठा

ठिपके, आंबूस वास, फुगलेलं झाकण: तो लॉट थांबवा, विकलेल्या बरण्या परत मागवा, दोन न उघडलेल्या बरण्या सूक्ष्मजीव तपासणीसाठी मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत पाठवा. गरम करून जंतू मारायच्या फंदात पडू नका. जंतू मेले तरी त्यांनी सोडलेली द्रव्यं तिथेच राहतात. आणि ठिपके न दिसता जंतू असू शकतात, म्हणून पीएच सरकून क्रीम पातळ झालं असेल तरी हीच वाट धरा.

कुणाला पुरळ, जळजळ किंवा डोळ्याला त्रास झाला असेल तर विक्री त्याच दिवशी बंद. त्या व्यक्तीला त्वचारोगतज्ज्ञाकडे पाठवा आणि घटकांची पूर्ण यादी सोबत द्या, काहीही न लपवता.

लहान बाळांसाठी, डोळ्यांभोवती लावण्यासाठी किंवा एसपीएफचा दावा असलेलं काही बनवत असाल तर वरच्या घरगुती तपासण्या पुरेशा नाहीत. सनस्क्रीन फुटलं तर त्यातलं संरक्षक द्रव्य त्वचेवर सारखं पसरत नाही, आणि माणूस संरक्षण आहे असं समजून उन्हात जातो.

नवं प्रिझर्वेटिव्ह किंवा नवा अर्क घातला की चॅलेंज टेस्ट करून घ्या. आयएसओ ११९३० पद्धतीत क्रीममध्ये मुद्दाम जीवाणू, यीस्ट आणि बुरशी सोडून २८ दिवस ते किती मरतात हे मोजतात. हे घरी करायचं काम नाही. आणि विक्रीसाठी बनवत असाल तर कॉस्मेटिक्स रूल्स, २०२० प्रमाणे उत्पादन परवाना लागतो. महाराष्ट्रात त्यासाठी अन्न व औषध प्रशासनाकडे जावं लागतं.

वरच्या दहा तपासण्या एकेक करून झाल्या, दोन सलग बॅचेस ४५ अंशांच्या चाचणीत नापास झाल्या, की तिसरी करण्यात माल घालवू नका. कॉस्मेटिक केमिस्टकडे जा. जाताना एक चांगली बरणी, एक फुटलेली बरणी, वापरलेल्या पाण्याची बाटली, प्रत्येक कच्च्या मालाचं विश्लेषण पत्रक आणि वही घेऊन जा. टक्केवारीत लिहिलेला पूर्ण फॉर्म्युला द्या. तो गुप्त ठेवायचा असेल तर आधी गोपनीयतेचा करार करून घ्या, पण अर्धवट सांगू नका. न सांगितलेल्या घटकातच दोष असेल तर तपासणीचे पैसे वाया जातात.